चीनकडून घ्यायचंच असेल तर बाक घ्या, दंडुका नको

चीनमध्ये चार वर्षं राहून आले म्हटलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय शिस्त असेल ना तिकडे!" आणि दुसरंही ठरलेलंच, "आपल्याकडे असा दंडुका पाहिजे, त्याशिवाय सुधारायचे नाहीत लोक." लग्नात, बँकेच्या रांगेत, एसटीत, फॅमिली ग्रुपवर हे इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. कारण २०१७ ते २०२१ मी ज्या चेंगडू शहरात राहिले तिथल्या रस्त्यावर मला जे जे आवडलं, ज्याच्यामुळे माझी साठी ओलांडलेली आई दोन महिन्यांत तिथे रुळली, त्यातलं जवळपास काहीच दंडुक्यातून आलेलं नव्हतं. आणि दंडुक्यातून जे आलं तेही मी माझ्या खिडकीतून बघितलंय, ते आपल्याकडे कुणी मागू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी शहर सांगते. चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या दोन कोटींच्या वर. चारी बाजूंनी डोंगर, मधे सपाट खोरं, त्यामुळे आभाळ वर्षातले कितीतरी दिवस राखाडी. सिचुआनमधली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात, अशी जुनी म्हणच आहे. म्हणून ज्या दिवशी ऊन पडतं त्या दिवशी अख्खं गाव बाहेर येतं, खुर्च्या बाहेर येतात, गाद्या बाहेर येतात, आजारी आजोबा व्हीलचेअरवरून बाहेर येतात, आणि ऑफिसातले लोकसुद्धा जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून भिंतीला टेकून उभे दिसतात. शहराच्या वायव्येला दूच्यांगयानची पाणी वाटून देणारी व्यवस्था आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेली, आडवं धरण न घालता नदीचा प्रवाह फोडून खोऱ्यात फिरवणारी आणि आजही चालू असलेली. चेंगडूची माणसं तुम्हाला सांगतील की आमच्याकडे पाणी कधी कमी पडलं नाही, म्हणून आमच्याकडे चहा प्यायला वेळ आहे. हे कितपत खरं ते इतिहासवाले बघतील, पण वेळ आहे हे मात्र शंभर टक्के खरं.

मी यूलिन भागात राहायचे. लिफ्ट नसलेल्या सहा-सात मजली जुन्या बिल्डिंगा, खाली दुकानं, दुकानांच्या पुढे फूटपाथ, आणि त्या फूटपाथवर बसलेली माणसं. हे "बसलेली माणसं" नीट लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. सकाळी भाजी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बायका बाकावर बसून शेंगा सोलतायत, न्हाव्याच्या दुकानाबाहेर चार खुर्च्या, त्यावर केस कापून झालेलेही बसलेत आणि ज्यांना कापायचेच नाहीत तेही, कोपऱ्यावर माजोंगच्या टेबलावर सोंगट्यांचा कडकडाट, आणि एक आजोबा लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतायत. पाच-दहा मिनिटांत पहिली ओळ वाळून जाते, मग ते परत तिथूनच सुरू करतात. कुणी विकत काही घेत नाहीये, कुणी कुणाला उठवत नाहीये.

चहाचंही तेच. शहराच्या मधोमध पीपल्स पार्क आहे, त्यात हमिंग नावाचं चहाघर आहे, १९२० च्या दशकापासूनचं. झाडांखाली बांबूच्या शेकडो खुर्च्या, आणि चहा येतो गायवानमध्ये, म्हणजे खाली बशी, मधे वाटी, वर झाकण. एकदा पैसे दिले की गरम पाणी हवं तेवढ्या वेळा मिळतं, झाकण बाजूला कलतं करून ठेवलं की पाणीवाला येऊन ओतून जातो, आणि जरा उठून फिरून यायचं असेल तर झाकण खुर्चीवर ठेवायचं, जागा तुमची. मी एकदा सकाळी साडेनऊला बसले आणि संध्याकाळी पाचला उठले, अख्खा दिवस एका वाटीवर. शेजारी कान कोरणारा चिमट्यावर टिंग टिंग आवाज करत फिरत असतो, लोक डोळे मिटून त्याच्याकडून कान साफ करून घेतात. गप्पा मारण्याला तिथल्या बोलीत जो शब्दप्रयोग आहे त्याचा शब्दशः अर्थ "ड्रॅगनदाराचा व्यूह मांडणे" असा होतो, आणि खरंच एकेक म्हातारा असा व्यूह मांडून बसतो की तासभर हलत नाही.

थोडं पुढे गेलं की लग्न जमवायचा कोपरा. आईबाप मुलांची माहिती कागदावर लिहून लावतात, जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, कुठल्या शहराची नोंदणी. मुलं नसतातच तिथे, नुसते आईबाप. आई माझ्याबरोबर होती, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी दोन मिनिटं बघून म्हणाली, "स्थळं आहेत ना ही?"

आता आईबद्दलच सांगते, कारण माझं मत बनलं ते तिच्यामुळे. ती २०१८ च्या शरदात आली, गुडघ्याचं दुखणं घेऊन. आमचं तालुक्याचं गाव, तिथे तिने संध्याकाळी चालायला जाणं सोडून दिलं होतं आणि आम्हाला वाटायचं की गुडघ्यामुळे. चेंगडूला आल्यावर आठवड्याभरात ती रोज दीड-दोन किलोमीटर चालायला लागली. मी विचारलं, गुडघा बरा झाला का, तर म्हणाली, "गुडघा आहे तसाच आहे गं, पण इथे थकलं की बसता येतं." गावी घरापासून देवळापर्यंत बसायला एक जागा नाही. मधे हॉटेलच्या पायऱ्या आहेत, पण तिथे पुरुष बसतात. पार आहे, तिथेही पुरुष बसतात. म्हणजे तिला एक तर सलग देवळापर्यंत चालत जायचं नाहीतर घरीच बसायचं. साठीच्या बाईचं जग किती मोठं राहतं हे तिच्या गुडघ्यावर ठरतं असं आपण धरून चालतो, ते तिच्या रस्त्यावर किती बाक आहेत त्यावरही ठरतं हे मला तेव्हा कळलं. तोवर सुचलं नव्हतं याचं वाईट वाटतं.

आमच्या बिल्डिंगसमोर एका बँकेच्या बाहेर छोटं फरसबंद आवार होतं. संध्याकाळी सात वाजले की चाकांवरचा स्पीकर घेऊन एक बाई यायची आणि पाच मिनिटांत तीस-चाळीस बायका ओळीत उभ्या. हाच तो चौकातला नाच, चिनी भाषेत क्वांगछांग-वू. बहुतेक पन्नास ते सत्तरच्या, अधूनमधून एखादे आजोबा. स्टेप सोप्या, दोन पुढे, दोन मागे, हात वर, वळा. आई रोज कठड्यावर बसून बघायची. आठव्या-नवव्या दिवशी पुढच्या ओळीतली एक बाई नाच थांबवून तिच्याकडे आली, हाताला धरून तिला शेवटच्या ओळीत नेऊन उभं केलं आणि परत जाऊन नाचायला लागली. आई सलवार कमीजमध्ये, पायात स्पोर्ट्स शूज, ओढणी कमरेला खोचलेली, हात भलतीकडेच. मला वरून बाल्कनीतून दिसत होतं. आयुष्यात लग्नाच्या वरातीतसुद्धा न नाचलेली बाई अठ्ठेचाळीस दिवस रोज तिथे गेली. चेंगडूचे लोक आपल्या बोलीत मावशी-काकूंना "न्यांगन्यांग" म्हणतात, पण परक्या बाईशी प्रमाण चिनीत बोलायचं म्हणून तिला "आयी" म्हणायचे, आयी म्हणजे मावशी. तिला ते "आई" ऐकू यायचं. भाजीवाला पोरगा लांबून "आयी!" अशी हाक मारायचा आणि ती वळून "आले रे" म्हणायची.

आता यात "तिकडचं कल्चरच वेगळं" असं म्हणून सोडून देणारे असतात. पण जरा खोलात गेलं तर या नाचामागे सरळ सरळ कारणं दिसतात. कामगार बायकांचं रिटायरमेंटचं वय पन्नास, ऑफिसातल्या बायकांचं पंचावन्न, हे १९५० च्या दशकातलं ठरलेलं, ते आता कुठे २०२५ पासून हळूहळू वाढवायला घेतलंय. म्हणजे हातपाय धड आहेत, थोडीफार पेन्शन आहे, आणि दिवस मोकळा आहे. एक मूल धोरणाची ही पिढी, ते एकुलतं मूलही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. रेडिओवर गाणं लावून सामुदायिक कवायत करायची सवय १९५१ पासूनची, शाळेत, कारखान्यात, सगळीकडे. आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखाने मोडीत निघाले, कोट्यवधी लोक घरी बसले, कारखान्याबरोबर त्याचा हॉल गेला, दवाखाना गेला, सोबत काम करणाऱ्या बायका पांगल्या. चौकातल्या त्या ओळी म्हणजे मोडलेल्या कारखान्यांचीच नव्याने जमलेली ओळ आहे असं मला नेहमी वाटायचं. त्यांना कुणी दंडुका दाखवून नाचायला लावलेलं नाहीये.

उलट दंडुका त्यांच्यावरच उगारला गेला होता. आवाजावरून भांडणं प्रचंड झाली. २०१३ मध्ये वुहानमध्ये वरच्या मजल्यावरच्या लोकांनी नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर विष्ठा फेकली. २०१४ मध्ये वेन्झोऊ शहरात सोसायटीच्या लोकांनी वर्गणी काढून २ लाख ६० हजार युआनचे स्पीकर आणले आणि ते बायकांच्या दिशेने लावले. २०१५ मध्ये सरकारने बारा ठरावीक नाच बसवून दिले, म्हणजे सगळ्या देशाने तेच नाचायचं अशी कल्पना, पण बायकांनी आपापली गाणी काही सोडली नाहीत. शेवटी २०२२ च्या जूनमध्ये आवाजाचा नवा कायदा लागू झाला, त्यात सार्वजनिक जागी व्यायाम-करमणुकीच्या आवाजाला वेळ, जागा आणि पातळी ठरवायची तरतूद आली. आमच्या आवारात तर त्याच्या कितीतरी आधीच तडजोड झालेली होती, साडेआठला स्पीकर बंद, बारावीच्या प्रवेश परीक्षेच्या दिवसांत नाचच बंद. ही तडजोड कुणी वरून लादलेली मी बघितली नाही, चौथ्या मजल्यावरची एक आई आणि ती स्पीकरवाली बाई खाली बाकावर बसून बोलत होत्या, आवाज चढला होता, शेजारचे मधे पडत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलली. शिस्त म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातला मोठा भाग असा भांडून, घासाघीस करून बनलेला असतो. आणि भांडायला समोरासमोर येण्यासाठी आधी रस्त्यावर बसायला जागा लागते!

रांगेचं बघा. ऑलिंपिकच्या आधी २००७ मध्ये बीजिंगने दर महिन्याच्या ११ तारखेला "रांगेचा दिवस" पाळायला सुरुवात केली, कारण ११ हा आकडा एकामागे एक उभ्या दोन माणसांसारखा दिसतो. म्हणजे चिनी माणूस जन्मतः रांगेत उभा राहतो असं काही नाही, तिथेही ढकलाढकली होती, म्हणून तर दिवस पाळावा लागला. चेंगडूची मेट्रो २०१० ला सुरू झाली, गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी गाडी. ही सुटली तर पुढची लगेच आहे हे माहीत असलेला माणूस निवांत उभा राहतो. आमच्या गावच्या स्टँडवर संध्याकाळची शेवटची एसटी सुटली तर रात्र काढावी लागते, तिथे माणूस खिडकीतून रुमाल टाकणारच, त्याला बेशिस्त म्हणताना मला लाज वाटते.

संडासांचंही तसंच. २०१५ मध्ये तिकडे सरकारने "संडास क्रांती" नावाची मोहीम काढली, पर्यटनस्थळांपासून सुरुवात करून हजारो सार्वजनिक संडास बांधले-सुधारले. चेंगडूमध्ये बाजारात, बागेत, मेट्रोत फुकट संडास सापडतोच. बहुतेक उकिडवं बसायचे, आईच्या गुडघ्याला त्रास व्हायचा, कागद आपला आपण न्यायचा, पण "आहे" हा भरवसा होता. आपल्याकडे मुंबईत बायकांना २०११ पासून "राइट टू पी" म्हणून चळवळ चालवावी लागली, इतक्या साध्या गोष्टीसाठी. जी बाई पाणी न पिता घराबाहेर पडते तिच्या शिस्तीबद्दल बोलण्याआधी हे बोललं पाहिजे.

आता दंडुका सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई संध्याकाळी दानहोंगकाव विकायची. तळहाताएवढा पितळी तवा, त्यात अंडं-मैदा-गुळाचं आंबवलेलं पीठ ओतायचं, वर छोटं झाकण, मिनिटभरात कडा तपकिरी होतात, मग आत तिळाची साखर किंवा लोणचं घातलेलं मांस भरून दुमडून कागदात. आपल्या गोड धिरड्याची धाकटी बहीण म्हणा. सायकलला जोडलेली तीन चाकी गाडी, चार तवे, एक सिलिंडर. ती सिचुआनमधल्याच एका खेड्यातली, मुलगा तिकडे आजीपाशी, कारण १९५८ पासून तिकडे हुकौ नावाची घरनोंदणी आहे आणि खेड्याची नोंदणी असलेल्या माणसाच्या पोराला शहरातल्या सरकारी शाळेत सहज जागा मिळत नाही. ती दर दोन मिनिटांनी मान वर करून रस्त्याच्या टोकाकडे बघायची. तिथून छंगक्वान यायचे. छंगक्वान म्हणजे शहर व्यवस्थापनाची माणसं, पोलिस नव्हेत पण गणवेशातली, ही व्यवस्था १९९७ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झाली आणि मग देशभर पसरली. गाडी दिसली की ती गॅस बंद करायची, गरम तवे तसेच गाडीत ढकलायची आणि पेडल मारत गल्लीत घुसायची. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे. पुण्या-मुंबईत "अतिक्रमणची गाडी आली" अशी आरोळी उठते तेव्हा जे होतं, अगदी तेच, शब्द तेवढे वेगळे. एकदा ती पळताना पीठ सांडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईवाल्या आजोबांनी ते खरवडून काढलं तोवर रात्रभर तो पिवळा ओघळ फूटपाथवर होता.

आणि हे काही चेंगडूपुरतं नाही. २०१३ मध्ये हूनान प्रांतात कलिंगडं विकायला आलेला एक शेतकरी छंगक्वानच्या माणसांशी झालेल्या झटापटीत मेला, देशभर लोक चिडले, चार जणांना शिक्षा झाली. ज्याला आपण स्वच्छ रस्ता, मोकळा फूटपाथ म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकतो त्या फोटोतून कोण हाकललं गेलंय हे फोटोत दिसत नाही.

मग २०२० आलं. लॉकडाऊनने धंदे झोपले आणि मार्च महिन्यात चेंगडूने नियम सैल केले, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी हातगाडी लावायला, दुकानाबाहेर टेबल मांडायला परवानगी. त्याच वर्षी २८ मे ला पंतप्रधान ली केकियांग यांनी पत्रकार परिषदेत एका पश्चिमेकडच्या शहराचं उदाहरण दिलं, ३६ हजार गाड्यांना जागा दिली आणि एका रात्रीत एक लाख लोकांना काम मिळालं, आणि सगळ्यांना कळलं की हे चेंगडूबद्दल आहे. त्याच परिषदेत त्यांनी हेही सांगितलं की देशात ६० कोटी लोकांची महिन्याची कमाई साधारण १००० युआन आहे. हे इतकं उघडपणे तिकडे कुणी बोलत नाही. चार दिवसांनी शानदोंग प्रांतात एका रस्त्यावरच्या विक्रेत्यापाशी जाऊन ते म्हणाले की हातगाडी आणि छोटं दुकान म्हणजे माणसांच्या जगाचा "यान-हुओ" आहे. हा शब्द मला फार आवडतो. यान म्हणजे धूर, हुओ म्हणजे जाळ, चुलीचा धूर आणि जाळ. ज्या वस्तीत चुली पेटतात, वास सुटतात, माणसं ये-जा करतात तिथे यान-हुओ आहे असं म्हणतात. आपण "गाव जागं आहे" म्हणतो तसं. पण आठवडाभरातच बीजिंगच्या सरकारी वर्तमानपत्राने लिहिलं की हातगाडीची अर्थव्यवस्था बीजिंगला शोभत नाही. राजधानी नीटनेटकी दिसली पाहिजे म्हणून!

चेंगडूमध्ये मात्र त्या वसंतात ती दानहोंगकाववाली परत आली. फूटपाथवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखून दिले होते, तिचा चौकोन खायचे लिंबाएवढे गोळे विकणाऱ्या माणसाच्या शेजारी. ती आता रस्त्याच्या टोकाकडे बघत नव्हती. गिऱ्हाईकाकडे बघून बोलत होती, दोन वर्षांत मी पहिल्यांदाच तिचे पुढचे दात बघितले. मी तिला विचारलं कसं वाटतंय, ती म्हणाली, "आन-यी." म्हणजे निवांत. तेच माणूस, तोच तवा, तेच शहर, फक्त पांढऱ्या रंगाचा एक चौकोन. रस्ताही घाण झाला नाही, नऊ वाजता ती स्वतः झाडून जायची, कारण जागा तिची होती. मला यापेक्षा मोठा पुरावा नको. पुढे शेन्झेनसारख्या कडक शहरानेही २०२३ मध्ये रस्त्यावरच्या विक्रीवरची सरसकट बंदी उठवून जागा ठरवण्याचं काम स्थानिक कार्यालयांकडे दिलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण दंडुका उसना मागतोय तेच तो खाली ठेवून बघतायत.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. चेंगडूमध्ये चौकात नाचता येतं, भांडता येतं, दिवसभर बसता येतं, पण सरकारबद्दल बोलता येत नाही. जुन्या काळी चहाघरांमध्ये "राज्यकारभाराची चर्चा करू नये" असे कागद लावलेले असत, आता कागदाची गरज नाही, कॅमेरे आहेत. आणि त्याच पीपल्स पार्कमध्ये, चहाघरापासून चालत पाच मिनिटांवर, तीस मीटरहून उंच स्मारक आहे, १९११ च्या रेल्वे बचाव आंदोलनात मारल्या गेलेल्यांचं. लोकांनी वर्गणी भरून उभ्या केलेल्या रेल्वे कंपन्या साम्राज्य सरकारने ताब्यात घेतल्या, सिचुआनमध्ये दुकानं-शाळा बंद पडल्या, नेत्यांना पकडलं म्हणून लोक गव्हर्नरच्या कचेरीपुढे जमले आणि ७ सप्टेंबरला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सिचुआनचा उठाव दाबायला शेजारच्या हूबेमधलं सैन्य हलवलं, तिथे ऑक्टोबरमध्ये क्रांती झाली आणि छिंग घराणं काही महिन्यांत संपलं. म्हणजे याच शहरातल्या रस्त्यावर जमलेल्या माणसांनी एक साम्राज्य हलवलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या वायव्येकडच्या उरुमची शहरात, लॉकडाऊन चालू असताना लागलेल्या आगीत दहा माणसं गेली आणि लॉकडाऊनला वैतागलेले लोक चेंगडूच्या वांगपिंग स्ट्रीटवर निषेध म्हणून कोरे कागद घेऊन उभे राहिले. त्या नदीकाठच्या रस्त्यावर मी कितीदा नूडल्स खाल्ल्यात. मी तेव्हा पुण्यात होते, मोबाइलवर ते व्हिडिओ बघताना ओळखीचा कठडा, ओळखीचे दिवे दिसत होते आणि रडू आवरत नव्हतं. त्या लोकांना उठवलं गेलं, आणि ते दंडुक्याचंच काम होतं. बसायला बाक आणि बोलायला तोंड, दोन्ही पाहिजे. त्यांच्याकडे पहिलं आहे, दुसरं नाही. आपल्याकडे दुसरं आहे, पहिलं नाही, आणि आपण दुसरं द्यायला निघालोय, ते पण पहिलं न घेता.

हे मी चिडून लिहितेय कारण आपल्याला नवीन काही शोधायचंही नाहीये. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आपल्याकडे आहे, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, सर्व्हे होईपर्यंत हटवू नका, समितीत त्यांचे स्वतःचे निवडून दिलेले प्रतिनिधी घ्या, सगळं त्यात लिहिलंय. म्हणजे तो पांढरा चौकोन आपल्याकडे कायद्यात आहे, फूटपाथवर उतरलेला नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद करून बसायच्या जागा केल्या, तिथे संध्याकाळी जाऊन बघा, आज्या बसलेल्या असतात, पोरं अभ्यासाच्या गप्पा मारतात, लोकांना काही शिकवावं लागलं नाही. जागा दिली, माणसं बसली. मग हे एका-दोन रस्त्यांपुरतंच का? प्रत्येक वॉर्डात पेव्हर ब्लॉक दर दोन-तीन वर्षांनी उचकटून परत बसवायला पैसे असतात, त्यात बाक बसत नाहीत? आणि बाक टाकले की "टवाळ पोरं बसतात" म्हणून सोसायटीवालेच ते काढायला लावतात, हेही मी बघितलंय. बाक एकच असेल तर तो टवाळांचा होतो, पन्नास असतील तर सगळ्यांचे होतात. चेंगडूच्या बाकांवर पण तरुण पोरं सिगारेटी ओढत बसायची, शेजारच्या बाकावर आज्या शेंगा सोलायच्या, दोघांनाही एकमेकांची सवय होती. पाराचं कौतुक आपल्या कथा-कवितांत खूप आहे आणि मलाही पार आवडतो, पण त्या पारावर माझी आई पासष्ट वर्षांत एकदाही बसली नाही. तिच्यासाठी रस्ता म्हणजे ओलांडायची गोष्ट होती.

चेंगडूमध्ये बाक भरलेले असले तर म्हातारे लोक पिशवीतून घडीचं छोटं स्टूल काढतात, कापडी पट्ट्यांचं, वीतभर उंचीचं, आणि हवं तिथे बसतात. २०१९ मध्ये आई दुसऱ्यांदा आली तेव्हा परत जाताना तिने तसलं एक स्टूल नेलं. आता संध्याकाळी ती घरापासून निघते, हायस्कूलच्या भिंतीशी पोचली की स्टूल उघडून बसते, दहा मिनिटांनी उठून पुढे देवळाकडे. सुरुवातीला लोक विचारायचे, बरं नाही का वाटत, रिक्षा बघू का. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा तिथे तिच्याबरोबर शेजारच्या काकू होत्या, त्यांनी घरून प्लास्टिकचं स्टूल आणलेलं, आणि एक तिसऱ्या बाई दगडावर रुमाल घालून बसलेल्या. मुलाच्या ॲडमिशनवरून काहीतरी चाललं होतं, मी जवळ गेले तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही.